उपग्रहाला कुत्रा दिसत नाही

शिकारी कुत्र्यांच्या जीपीएस पट्ट्याचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: वर आकाशात उपग्रह, खाली रानात धावणारा कुत्रा, आणि उपग्रहाची त्याच्यावर नजर. त्यामुळे हातातल्या संचाच्या स्क्रीनवरून कुत्रा नाहीसा झाला की खापर आकाशावर फुटतं. आज ढग आहेत, आज सॅटेलाइट कमी आहेत, वगैरे. ढगांचा तर यात काहीच दोष नाही. जीपीएसच्या लहरी १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या असतात आणि ढगांतून त्या जवळजवळ अडथळ्याविना पार होतात.

मुळात उपग्रहाला त्या कुत्र्याचा पत्ताच नसतो. २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत राहतो. ऐकतो कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पट्ट्यातला रिसीव्हर किमान चार उपग्रह ऐकतो आणि आपण कुठे आहोत हे स्वतःच काढतो. पुढचं काम उपग्रहाचं नाही. पट्ट्यात एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो. तो हे आकडे दर काही सेकंदांनी जमिनीलगत फेकतो आणि आपल्या हातातला संच ते पकडतो. अमेरिकेत यासाठी १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधल्या पाच वाहिन्या आहेत, कमाल शक्ती २ वॉट. युरोपात फ्रिक्वेन्सी वेगळ्या, म्हणून युरोपातला पट्टा अमेरिकेतल्या संचाशी बोलत नाही. असा जोड घेऊन 'खराब निघाला' म्हणणारेही असतात.

म्हणजे दुवे दोन, आणि दुरुस्तीची सुरुवात कुठला तुटला हे ओळखण्यापासून. पट्ट्याकडून निरोप ताजे येताहेत पण जागा कळत नाही, तर पट्ट्याला आकाश दिसत नाहीये. शेवटचा निरोप किती जुना हा आकडा वाढतच चाललाय, तर जमिनीवरचा रेडिओ गेला. एवढं न बघता संच रीसेट करत बसणं हा वेळेचा चुराडा आहे.

पहिल्या दुव्याचं थोडक्यात उरकतो. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी करा, तेवढाच. पाणी त्याला गिळतं, आणि कुत्र्याचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून जीपीएसचा अँटेना मानेच्या वरच्या बाजूला हवा. पट्टा सैल असेल तर तो फिरून खाली येतो, आणि मग बिचारा रिसीव्हर कुत्र्याच्या मानेतून आकाश शोधत बसतो. दुसरं म्हणजे, उपग्रहाच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी एकदा येते, तीही सेकंदाला ५० बिट इतक्या कूर्मगतीने. गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यात पट्टा चालू केला आणि दार उघडताच कुत्रा झाडीत सोडला, तर ती माहिती सलग मिळतच नाही. उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

आता दुसरा दुवा, आणि माझ्या आवडीचा भाग: ती लवलवणारी पोलादी तार, म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरचा अँटेना. पट्ट्यातला सगळ्यात साधा, सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग तोच.

१५२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १.९७ मीटर. तिचा चौथा हिस्सा ४९ सेंटिमीटर. अँटेना साधारण एवढ्याच लांबीचा का? ट्रान्समीटरने ढकललेला विद्युतप्रवाह तारेच्या टोकाला जाऊन परततो. तार पाव लहरीएवढी असेल तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांचा मेळ असा बसतो की ट्रान्समीटरला समोर नुसता रोध दिसतो आणि बहुतेक शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडते. आता शेजारच्या कुत्र्याने तारेचं टोक दहा सेंटिमीटर चावून तोडलं असं समजा. उरलेली ३९ सेंटिमीटरची तार १९२ मेगाहर्ट्झला सुरात असते. १५२ ला ती कपॅसिटरसारखी वागते. इंपीडन्सचा, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, मेळ मोडतो आणि बरीचशी शक्ती उलटी ट्रान्समीटरकडे येते. पट्टा चालू असतो, दिवा लुकलुकत असतो, पंधरा पावलांवर सगळं झकास चालतं. रानात गेलं की कुत्रा गायब. अँटेना काढून ठेवून पट्टा चालू करणं त्याहून वाईट, कारण परतलेल्या शक्तीने ट्रान्समीटरचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

तार काटेरी झुडपांत वरचेवर वाकते आणि बुडाशी, प्लॅस्टिकच्या आवरणाच्या आत, तिचे पीळ एकेक करून तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. बुडाशी चिमटीत धरून हळूच वाकवून बघा: चांगली तार उसळून सरळ होते, तुटकी मऊ पडून तशीच राहते. बदलायला जेमतेम काही मिनिटं लागतात. मात्र नवी तार त्याच फ्रिक्वेन्सीची हवी. लांब म्हणजे चांगली, असं नाही.

अँटेना ठीक असूनही पल्ला कमी वाटत असेल तर जाहिरातीतला आकडा तपासा. पल्ला नऊ मैल, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर, असं छापलेलं असतं. पृथ्वी गोल आहे. रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये हवं तर अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणायचं. कुत्र्याचा अँटेना अर्ध्या मीटरवर: २.९. तुमचा संच दीड मीटरवर: ५. बेरीज आठ किलोमीटरच्या आत, तीही सपाट, बोडक्या मैदानावर. चौदाचा आकडा गाठायचा तर टेकडी हवी.

शिवाय जमिनीलगत सरळ येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना जवळपास खोडतात. त्यामुळे शक्ती अंतराच्या वर्गाने न घटता चौथ्या घाताने घटते, पण अँटेनाच्या उंचीच्या वर्गाने वाढते. याचा अर्थ, कमरेशी एक मीटरवर धरलेला संच डोक्यावर दोन मीटरवर नेला की मिळणारी शक्ती कागदावर चौपट होते. जमिनीचा गुण आणि झाडी यांमुळे प्रत्यक्षात कमी भरते, तरी फुकटात मिळणारी याहून मोठी वाढ दुसरी नाही. मागे चिकटवायचे ते सोनेरी 'सिग्नल बूस्टर' स्टिकर त्या मानाने शुद्ध थोतांड आहेत, मंतरलेल्या गंड्याच्याच पंक्तीतले. संच टीव्हीच्या रिमोटसारखा कुत्र्याच्या दिशेने रोखू नका. अँटेना आपल्या टोकाच्या दिशेनेच सर्वात कमी ऐकतो. तो उभा धरा.

बॅटरीची एक फसवी तक्रार: ७० टक्के दाखवते आणि पट्टा मधूनच बंद पडतो. २ वॉट बाहेर फेकायला बॅटरीतून सुमारे ४ वॉट लागतात, म्हणजे ३.७ व्होल्टला क्षणभर एक अँपिअरहून जास्त. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर दाब ०.१ व्होल्टने पडतो. म्हातारीचा ०.५ झाला की अर्ध्या व्होल्टने. तेवढ्या झटक्यात पट्ट्याला वाटतं बॅटरी संपली. थंडीत रोध आणखी वाढतो. यावर बॅटरी बदलणं हाच उपाय. आणि शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, कारण आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते.

नकाशावर कुत्रा बरोबर पण त्याची दिशा दाखवणारा बाण भलतीकडे, तर बिघाड संचातल्या होकायंत्रात आहे. बंदुकीच्या नळीपासून आणि गाडीपासून लांब जाऊन संच तिन्ही अक्षांभोवती फिरवून कॅलिब्रेट करा.

राहता राहिलं पाणी. पट्टा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो म्हणतात, मग ओढा ओलांडताना आत पाणी कसं शिरतं? उन्हात धावून पट्ट्याच्या आतली हवा ४० अंशांवर गेलेली असते. १० अंशांच्या पाण्यात पडताच ती आकसते आणि दाब जवळपास दहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक एक मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढाच आहे. वीतभर पाण्यातही पट्टा बाहेरचं पाणी आत ओढतो, आणि रबरी सील वाळलेलं असेल तर ते येतंच. भिजलेला पट्टा तांदळात पुरणं हा निव्वळ विधी आहे. उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळवा. चार्जिंगच्या टोकांवरचा हिरवा थर खोडरबराने निघतो.

बंद करताना सीलला सिलिकॉन ग्रीस लावा आणि मग तीच हवा उलटी वापरून तपासा. थंड पट्टा साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि गळती असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. हवा बाहेर येत असते तोवर पाणी आत जात नाही, पण पाणी निवायच्या आत पट्टा बाहेर काढायला हवा. काही पट्ट्यांना हवा खेळावी म्हणून मुद्दाम एक बारीक पडदा ठेवलेला असतो. तिथले बुडबुडे मोजू नयेत.