‘विनाअनुदानित’ कॉलेजांतला सरकारी पैसा

रयतेच्या करातून मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च का, हा सवाल पुण्यातून १८८२ सालीच सरकारी शिक्षण आयोगापुढे गेला होता. १९५९ मध्ये राज्याने करातला हा पैसा गरिबांच्या मुलांकडे वळवला. वर्षाला १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ झाली. हीच ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीसवलत. कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिच्यामुळे शिकला.

‘विनाअनुदानित’ कॉलेजांत सरकारी पैसा कसा, या आजच्या वादाचे मूळ मात्र १९८३ च्या निर्णयात आहे. डोनेशन भरून कर्नाटकात जाणाऱ्या मुलांना इथेच इंजिनीअरिंगच्या जागा मिळाव्यात म्हणून खासगी संस्थांना परवानगी मिळाली. अट एवढीच, की अनुदान मागायचे नाही. तिजोरीवर बोजा नको, हा हिशेब. पुढे १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठीच्या डोनेशनवर, बंदी आली. १९९३ मध्ये न्यायालयाने निम्म्या जागा कमी फीच्या ‘फ्री’ आणि निम्म्या जास्त फीच्या ‘पेमेंट’ केल्या. पण फ्री जागा गुणांवर मिळत, त्यामुळे महागडे क्लास परवडणारी मुलेच त्या बऱ्याचदा पटकावत. २००२ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली, सर्वांना एकच फी लागली आणि ती न परवडणाऱ्यांसाठी सरकारवरचा दबाव वाढत गेला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये, मराठा मोर्चे ऐन भरात असताना, ईबीसीची उत्पन्नमर्यादा १ लाखावरून ६ लाखांवर गेली. वर्षभरात ती ८ लाख झाली. व्यावसायिक अभ्यासक्रमांत सवलत निम्म्या शिक्षण शुल्काची. जुलै २०२४ च्या निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना ती पूर्ण मिळाली.

मग ‘विनाअनुदानित’ म्हणजे नेमके काय? संस्थेला अनुदान नाही हे कागदोपत्री खरेच. पण तिच्या फीचा मोठा वाटा सरकारच भरते. करदात्याचा पैसा शेवटी इथेही आलाच, फक्त त्याची वाट वेगळी. अनुदानित संस्थेत तो पगारापोटी थेट कॉलेजात जातो, इथे विद्यार्थ्याच्या नावावरून जातो. या वाटेला सरकारी भाषेत ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात, आणि सगळी गोम याच शब्दात आहे. प्रतिपूर्ती म्हणजे आधी कुणीतरी भरायचे, नंतर सरकारने द्यायचे. हप्ता रखडला की कॉलेज पालकाकडे बोट दाखवते, आणि तहसीलचा दाखला हातात असलेला बाप सावकाराकडे जातो. हा भार सर्वांत कमकुवत खांद्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

मुलींच्या माफीतही संस्थास्तरावरच्या (संस्था स्वतः भरते त्या) आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागा धरलेल्या नाहीत. खोलीभाडे आणि मेसचे पैसेही तिच्यात बसत नाहीत.