निखार

निखार : कँपेफॅगिडी कुलातील, डोंगराळ वनांत राहणारा कीटकभक्षी गायक पक्षी. शास्त्रीय नाव पेरिक्रोकोटस फ्लॅमियस. पश्चिम घाट व श्रीलंका हे त्याचे निवासक्षेत्र असून ठाणे जिल्हा या पट्ट्याच्या उत्तर भागात येतो. आकाराने तो साधारण बुलबुलाएवढा, पण सडपातळ व लांब शेपटीचा असतो. नराचे डोके, गळा व पाठ चकचकीत काळी, तर छाती, पोट, कंबर आणि पंखावरील पट्टा भडक नारिंगी-तांबडा असतो. मादीत काळ्याच्या जागी राखाडी व नारिंगीच्या जागी पिवळा रंग येतो. तिचे कपाळही पिवळे असते.

वर्गीकरणाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. योहान राइनहोल्ड फॉर्स्टर याने 1781 मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले, आणि हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या किरमिजी निखाराला (पे. स्पेसिओसस) लॅथम याने 1790 मध्ये स्वतंत्र नाव दिले. पुढे दीर्घकाळ दोन्ही एकाच जातीत गणले गेले; सालिम अली व एस. डिलन रिप्ली यांनीही तीच मांडणी स्वीकारली. रासमुसेन व अँडरटन यांनी 2005 मध्ये ते वेगळे मानले. रंगछटेतील फरक व तुटक भौगोलिक विस्तार पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि अलीकडच्या बहुतेक याद्या तेच पाळतात. त्यामुळे ठाण्याच्या जुन्या नोंदींत ‘किरमिजी निखार’ असा उल्लेख असला, तरी तो बहुधा प्रस्तुत जातीचाच समजावा. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने, तत्पूर्वी ‘ठाणे जिल्हा’ म्हणून नोंदलेली तुंगारेश्वर, जव्हार यांसारखी स्थळे आता ठाणे जिल्ह्यात मोडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील येऊर भागात अधिक वेळा दिसतो तो छोटा निखार (पे. सिनॅमोमियस). त्याच्या नराचे डोके व पाठ राखाडी असते आणि छातीवरचा नारिंगी रंग पोटाकडे फिका होत जातो. मादीचा गळा पांढुरका असतो. उंच फांद्यांवरील पक्षी खालून पाहताना पाठ दिसत नाही, म्हणून घाईने केलेली ओळख विश्वसनीय मानता येत नाही. नराचा गळा व पोट आणि मादीचे कपाळ यांवरून केलेला निर्णय अधिक भरवशाचा ठरतो.

निखार जोडीने किंवा लहान थव्याने, बहुधा वृक्षांच्या शेंड्यांत वावरतो. पानांवरील अळ्या व कीटक टिपतो, क्वचित हवेतही झेपावतो. इतर कीटकभक्षी पक्ष्यांच्या मिश्र थव्यांतही तो सामील होतो. आवाज गोड शिळेसारखा असतो. उंच फांदीवरचे वाटीसारखे छोटे घरटे काड्यांचे असून कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले व दगडफुलाने मढवलेले असल्याने खालून फांदीची गाठच वाटते.