सुईविना प्रथिन-औषधे

इन्शुलीन, वाढीचे संप्रेरक, रक्त गोठवणारे घटक, प्रतिपिंडे यांसारखी प्रथिनांची बनलेली औषधे न टोचता तोंड, नाक, फुप्फुसे किंवा त्वचेवाटे शरीरात पोहोचवण्याच्या पद्धती. हा विषय बहुधा औषध देण्याच्या तंत्रापुरता मांडला जातो. प्रत्यक्षात तो उत्पादनाशी घट्ट बांधलेला आहे. सुई टाळली की औषधाचा मोठा भाग वाटेतच नष्ट होतो. एवढी नासाडी परवडेल इतके ते स्वस्तात बनवता आले, तरच गोळीला अर्थ उरतो.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलीन टोचण्यात आले. शतक उलटले तरी इन्शुलीनची सुई सुटलेली नाही, कारण पचनसंस्था औषधी प्रथिन आणि अन्नातले प्रथिन यांत फरक करत नाही. जठरातले आम्ल प्रथिनाची घडी उलगडते, पेप्सीन हे पाचक विकर त्याची साखळी तोडते आणि लहान आतड्यात ट्रिप्सीन व कायमोट्रिप्सीन उरलेले काम पुरे करतात. यातून जे रेणू वाचतात त्यांना आतड्याचे अस्तर अडवते. साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणुभाराचे एकक) रेणू त्यातून बऱ्यापैकी पार होतात. इन्शुलीनचा रेणुभार सुमारे ५,८०० आहे, तर प्रतिपिंडाचा सुमारे १,५०,०००.

या अडथळ्यातून वाट काढणारे ठळक उदाहरण म्हणजे सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाची गोळी. तिला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ३१ अमिनो आम्लांचा हा रेणू काटेकोरपणे पाहता प्रथिन नसून पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, आहे, पण अडचण तीच. गोळीत त्याच्याबरोबर साल्काप्रोझेट सोडियम हे संयुग असते. गोळी जठरात विरघळते तेव्हा ते तिच्या भोवतालची आम्लता तात्पुरती कमी करते, त्यामुळे पेप्सीन मंदावते आणि औषध जठराच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. म्हणून ही गोळी उपाशीपोटी, फार तर १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. एवढे पथ्य पाळूनही जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी औषध रक्तात पोहोचते. मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा १ मिलिग्रॅम टोचले जाते, तर गोळीची मात्रा रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम होते.

हीच युक्ती इन्शुलीनला का लागू पडत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. सेमाग्लुटाइडचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे आज थोडे कमी आणि उद्या थोडे जास्त शोषले गेले तरी सरासरी सांभाळली जाते. इन्शुलीन रक्तातून काही मिनिटांतच ओसरते, शिवाय त्याची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत फारसे अंतर नसते. अर्ध्या टक्क्याऐवजी एखाद्या दिवशी दोन टक्के शोषले गेले, तर मात्रा चौपट होते आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तोंडावाटे इन्शुलीन देताना रेणू आत जाणे पुरेसे नाही. तो रोज सारख्याच प्रमाणात आत गेला पाहिजे. खरी कसोटी तिथेच आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉबर्ट लँगर, जोव्हानी ट्रॅव्हर्सो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. त्यांची वाटाण्याएवढी कुपी लेपर्ड टॉर्टॉइज या कासवाच्या कवचाच्या घडणीवर बेतलेली आहे, त्यामुळे जठरात कशीही पडली तरी ती स्वतःहून सरळ होते. आतली दाबलेली स्प्रिंग साखरेच्या चकतीने अडवलेली असते. चकती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि वाळवलेल्या इन्शुलीनचे टोक जठराच्या भिंतीत रोवले जाते. त्या भिंतीला टोचल्याची वेदना जाणवत नाही. ही चाचणी डुकरांवर झाली होती.

नाकातला फवारा डेस्मोप्रेसिनसारख्या लहान पेप्टाइडांना पुरतो. श्वासावाटे घ्यायचे इन्शुलीन २००६ मध्ये एक्झुबेरा या नावाने मान्य झाले, पण अवजड उपकरण आणि नगण्य मागणी यांमुळे दुसऱ्याच वर्षी त्याची विक्री थांबली. सुटसुटीत उपकरणासह अफ्रेझा २०१४ मध्ये आले.

उत्पादनाकडे पाहिले तर १९८२ मध्ये ई. कोलाय जिवाणूंत बनवलेले मानवी इन्शुलीन हे पुनःसंयोजित डीएनए (एका जीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याच्या) तंत्राचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. हे जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात, पण परके प्रथिन पुष्कळदा चुकीची घडी पडून गाठींच्या रूपात साचते. मग त्या गाठी युरियासारख्या द्रव्यात विरघळवून प्रथिनाला सावकाश नव्याने घडी घालू द्यावी लागते. शर्करा-साखळ्या जोडाव्या लागणारी प्रथिने बहुधा चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींत वाढवतात. सुरुवातीला लिटरमागे काही मिलिग्रॅम मिळत. आज प्रतिपिंडांच्या बाबतीत कित्येक ग्रॅम मिळतात. शुद्धीकरण मात्र अजूनही खर्चिक आहे.

हा खर्च वगळण्याचा प्रयत्न वनस्पतींत चालू आहे. गाजराच्या पेशींत बनवलेले, गोशे या आनुवंशिक रोगावरील टॅलिग्लुसरेज अल्फा २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; ते शुद्ध करून शिरेतूनच देतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील हेन्री डॅनिएल यांचे संशोधन त्यापुढे जाते. औषधी प्रथिन लेट्यूस या पालेभाजीच्या हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या घटकात) बनवायचे, पाने गोठवून वाळवायची आणि त्यांची भुकटी कुपीत भरायची. पेशीभित्तिका जठरात प्रथिनाचे रक्षण करते; पुढे आतड्यातले जिवाणू ती फोडतात. किण्वनाच्या टाक्या आणि शुद्धीकरणाचे स्तंभ यांची गरज इथे उरत नाही, पण पानांच्या प्रत्येक खेपेत औषधाचे प्रमाण एकसारखे आहे हे दाखवून द्यावे लागते.