ग्वाल्हेरहून नेपाळ: नाक्यांमागचा इतिहास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी कुटुंबं स्वतःच्या गाडीने पशुपतिनाथाला निघतात तेव्हा बहुधा दोन नाके समोर असतात. झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत सोनौली, नाहीतर आग्रा, बरेली, पिलीभीतवरून बनबसा. बनबसा ग्वाल्हेरला जवळ, पण तिथून काठमांडू सुमारे 700 किलोमीटर उरतं. सोनौलीहून ते 300च्या आत, आणि पोखरा त्याहूनही जवळ. अंतराचा हा हिशेब सगळेच करतात. नाका आपल्याला कसा वागवेल, हे मात्र जुन्या करारांवर ठरतं.

इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या 1816च्या सुगौली तहाने आखलेली सीमा पुढे एकदा मोठी सरकली. 1857च्या उठावात नेपाळी फौज इंग्रजांच्या बाजूने लखनौवर चालून गेली. त्याच्या मोबदल्यात 1860 मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा तराईचा, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाटीचा, पट्टा नेपाळला परत मिळाला. बनबसासमोरचं महेंद्रनगर याच पट्ट्यातलं. बिठूरच्या पेशव्यांना पराभवानंतर नेपाळच्या तराईत आसरा घ्यावा लागला, एवढीच बाजू आपल्याकडे सांगितली जाते. नेपाळने इंग्रजांना केलेल्या मदतीची दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी. बनबसाचा रस्ता शारदा नदीवरच्या 1920च्या दशकातल्या बंधाऱ्यावरून जातो. तो कालव्याला पाणी वळवण्यासाठी बांधलेला, अरुंद. म्हणून तिथे गाड्यांसाठी फाटक ठरावीक वेळीच उघडण्याची पद्धत पडली.

आज आपण जिला खुली सीमा म्हणतो तिचा आधार 31 जुलै 1950चा तह. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि हिंडणंफिरणं यांत सारख्या सवलती आहेत. हे झालं माणसांचं. माल मात्र वेगळ्या व्यापार आणि पारवहन (शेजारी देशातून माल नेण्याच्या) करारांखाली जातो, आणि ते मुदतीचे असतात. आपली गाडी या दुसऱ्या बाजूला मोडते. म्हणूनच व्हिसा लागत नसला तरी गाडीचं भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरावंच लागतं, दिवसांच्या हिशेबाने, आणि खासगी गाडीला वर्षाकाठी 30 दिवसांची मर्यादा असते.

माणूस मोकळा आणि माल अडलेला, ही स्थिती दोनदा ठळकपणे आली. मार्च 1989 मध्ये करारांची मुदत संपली आणि भारताने दोन मार्ग सोडून बाकीचे बंद केले. दुसरी वेळ 2015ची, आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. 20 सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. ती मान्य नसलेले मधेशी, म्हणजे नेपाळच्या तराईतले, आंदोलक रक्सौल-वीरगंजच्या पुलावर ठिय्या देऊन बसले. दिल्लीचं म्हणणं असं की आम्ही काही अडवलेलं नाही, पलीकडच्या अशांततेमुळे ट्रकवाले जायला तयार नाहीत. काठमांडूने त्याला अघोषित नाकाबंदी म्हटलं. आंदोलकांची गाऱ्हाणी खरी होती. पण जिथे ठिय्या नव्हता त्या नाक्यांवरही ट्रक रेंगाळले, आणि इंधनाचे टँकर तर फारच थोडे सुटत होते. ते पाहता नुसत्या अशांततेचं कारण पुरेसं वाटत नाही. भूकंपाला जेमतेम पाच महिने झाले होते, लोक तंबूत होते, वर हिवाळा आला. पेट्रोल आणि गॅस यांचे हाल फेब्रुवारी 2016 पर्यंत चालले. त्या काळात ग्वाल्हेरचा माणूस सोनौलीहून चालत पलीकडे जाऊ शकत होता. गाडीत टाकायला पेट्रोल मात्र मिळालं नसतं. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याने निघण्याआधी मालवाहतुकीच्या बातम्या पाहाव्यात, त्या यासाठी.

मार्च 2020 मध्ये साथीमुळे माणसांची वाटही बंद झाली, आणि 1950च्या सवलतीला प्रथमच इतका दीर्घ खंड पडला.

आता आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. ग्वाल्हेरच्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेची किंवा कॅनडाची नागरिक झाली आहेत, आणि सुट्टीत तीही गाडीत असतात. सातवं कलम त्यांना लागू नाही. त्यांना नेपाळचा व्हिसा हवा, भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का हवा आणि नेपाळात शिरल्याचाही. सोनौलीला ही कार्यालयं रस्त्याच्या कडेलाच आहेत. गर्दीत गाडी सहज पुढे निघून जाते आणि चूक परतीच्या वेळी उघड होते.