घोळणा फुटला, तर नाक नेमकं कुठे दाबायचं?

घोळणा फुटला की बरेच जण मान मागे टाकतात आणि नाकाचं हाड चिमटीत धरतात. दोन्ही चुकीचं आहे. शंभरातले सुमारे 90 घोळणे नाकाच्या पुढच्या, मऊ भागातून फुटतात. हाडावर कितीही जोर लावला तरी तो तिथे पोचत नाही.

नाकपुड्यांमधला पडदा पुढच्या बाजूला कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीचा असतो. त्याच्या पुढच्या-खालच्या भागात, सहज बोट पोचेल अशा जागी, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. जेम्स लिटल यांनी 1879 मध्ये आणि विल्हेल्म किसेलबाख यांनी 1884 मध्ये या जागेचं वर्णन केलं. मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कॅरोटिड धमन्यांच्या शाखा इथे एकमेकींना मिळतात. रक्तपुरवठा भरपूर, पण वरचं आवरण अगदी पातळ. श्वासाची कोरडी हवा इथेच लागते, खपली धरते, बोटाने ती निघते आणि धार लागते.

ताठ बसा, थोडं पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या. हाड संपतं त्याच्या खालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीने, दोन्ही नाकपुड्या मिटतील असा घट्ट दाबा. घड्याळ लावून पूर्ण 10 ते 15 मिनिटं. मधे हात काढून ‘थांबलं का’ हे बघायचं नाही. सगळं बिघडतं ते इथेच! नुकती धरू लागलेली गुठळी कच्ची असते, दाब सुटला की ती निसटते आणि मिनिटं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. तोंडात आलेलं रक्त थुंकून टाका. मान मागे टाकल्यास ते घशातून पोटात जातं, मळमळून उलटी होते आणि त्या जोराने थांबलेलं रक्त परत सुरू होतं. कापसाचा बोळाही नको, काढताना तो खपलीसकट निघतो.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, जड उचलू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. पुढचे काही दिवस सलाइनचे थेंब आणि नाकपुडीच्या आत हलक्या हाताने पेट्रोलियम जेली लावली की खपली कोरडी पडत नाही.

ॲलर्जीसाठी नाकात स्प्रे मारणाऱ्यांचा घोळणा वारंवार फुटत असेल, तर आधी स्प्रेची दिशा तपासा. फवारा पडद्यावर बसत असतो. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं.

नीट दाबूनही अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही, दाबलेलं असताना घशात उतरत राहिलं, डोक्याला मार लागला असेल किंवा भोवळ येत असेल तर थेट रुग्णालय गाठा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अर्धा तासही वाट पाहू नका. पण ते औषध मनाने बंदही करू नका. घशात उतरणारं रक्त बऱ्याचदा नाकाच्या मागच्या, मोठ्या धमनीतून येत असतं आणि तिथवर चिमटीचा दाब पोचत नाही.

पुढचीच जागा पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने ती डागतात. एका वेळी पडद्याची एकच बाजू डागायची असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण दोन्ही बाजूंच्या आवरणातून होतं. दोन्हीकडे समोरासमोर डागलं तर पडद्याला भोक पडू शकतं.