हात सुन्न आहे तोवरच दुखण्याची गोळी घ्या
(हाताच्या ऑपरेशनसाठी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसेजवळ सुई देऊन फक्त हात सुन्न करणारी भूल, घेतलेले पेशंट आणि त्यांच्यासोबतच्या माणसांसाठी)

हा कागद छापायचं कारण म्हणजे दोन फोन. पहिला संध्याकाळी सातला, "डॉक्टरसाहेब, सकाळी ऑपरेशन झालं, अजून बोटं हालून नाही राह्यली, नस तर नाही ना कापल्या गेली?" आणि दुसरा रात्री दोन-अडीचला, बहुतेक वेळा त्याच घरून, "हात आगीसारखा जळून राह्यला, काय करू?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नस कापलेली नाही, आपणच ती झोपवली आहे. ऑपरेशनच्या आधी गळ्याच्या बाजूला, हसळीच्या हाडाच्या वर सुई देतो त्यात बुपिवाकेन हे सुन्न करणारं औषध असते, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी त्यात डेक्समेडेटोमिडीन थोडंसं मिसळतो, जास्तीत जास्त 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. हे मुळात गुंगीचं औषध, अमेरिकेत 1999 मध्ये आयसीयूतल्या पेशंटला शांत झोपवायला मंजूर झालं. नसेजवळ टाकलं की नसेला सुन्नपणातून लवकर बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे नुसत्या बुपिवाकेनचा असर आठ-दहा तास राहत असेल तर यानं आणखी चार-पाच तास वाढतो, माणसामाणसात फरक पडतो. थोडी झोपही येते, हाक मारली की माणूस डोळे उघडतो. पापणी जराशी खाली आली किंवा आवाज बसला तर तेही असर उतरला की ठीक होते.

काही जण विचारतात की नसेजवळ टाकायचं हे औषधाच्या खोक्यावर लिहिलं आहे का. नाही लिहिलं. जगभरचे भूलतज्ज्ञ अभ्यास करून ते वापरतात, आम्हीही वापरतो, पण समजावून सांगून, वेगळी सही घेऊन. मिडाझोलाम हेही गुंगीचंच औषध, पण ते आम्ही नसेजवळ कधीच टाकत नाही, कारण प्रयोगशाळेत त्यानं नसेच्या पेशींना इजा होण्याची शंका आली आहे. लागलंच तर शिरेतून देतो.

आता दुसरा फोन, ज्याच्यासाठी खरं तर हा कागद आहे.

ब्लॉक दुपारी बाराला दिला तर असर उतरायची वेळ रात्री बारा ते तीनच्या मधात येते. औषध जितकं चांगलं चालते तितकी ती वेळ रात्रीत ढकलल्या जाते, आणि दुखणं हळूहळू नाही, एकदम येते. मागच्या सोयाबीनच्या हंगामात मनगटाचं हाड बसवलेले एक काका घरी गेले, रात्री पोटभर जेवले, गोळी घेतलीच नाही, कारण "दुखतच नव्हतं, मग काहून घेऊ". दोनला उठून बसले. पोरानं शेजाऱ्याची गाडी मागितली, 38 किलोमीटर रात्रीचं चालवून आमच्याकडे आणलं, पाहतो तर गोळ्यांची पट्टी तशीच त्यांच्या शर्टाच्या खिशात, एकही गोळी फोडलेली नाही. इंजेक्शन दिलं, पण आराम पडायला तासभर गेला आणि तोवर काकांच्या डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं. मला ते पाहवलं नाही. तीच गोळी रात्री नऊला जेवणानंतर घेतली असती तर झोपले असते.

म्हणून हात सुन्न असतानाच, चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला, जेवल्यावर गोळी घ्यायची, आणि पुढची गोळी दुखायची वाट न पाहता पहाटेच्या वेळेचा अलार्म लावून. सोबतच्या माणसानं ही जबाबदारी घ्यावी, पेशंट गुंगीत विसरतो. किराणा दुकानातली दुसरी गोळी वरून देऊ नका, किडनीचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर आधीच सांगा.

सुन्न हात झोळीतच ठेवा. चुलीजवळ, गरम पाण्यात, विडीच्या टोकाला तो भाजला तरी कळत नाही. चोवीस तास गाडी चालवू नका, आणि रात्रीची लाईन आली म्हणून मोटर चालू करायला वावरात तर अजिबात जाऊ नका.

पण एक गोष्ट वेगळी आहे. बोटं निळी, थंड पडली, प्लास्टरात घट्ट सुजली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच राह्यलं, श्वास लागला, किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही हात परत आला नाही, तर वेळ पाहू नका, तेव्हाचा फोन आम्हाला हवाच आहे. सुन्न हातात दुखणं कळत नाही, म्हणून बोटं डोळ्यानं पाहत राहा.

डेक्समेडेटोमिडीन आम्ही सगळ्यांना मिसळत नाही. यानं नाडी मंदावते, बीपी उतरू शकते, म्हणून ज्यांची नाडी आधीच कमी आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गोळ्यांची पट्टीच घेऊन यावं, "बीपीची पांढरी गोळी" एवढं सांगून आम्हाला काही कळत नाही.

आमच्याकडे ब्लॉक सोनोग्राफी मशीनवर नस पाहूनच देतो, अंदाजानं नाही. ऑपरेशन संपेपर्यंत भूलतज्ज्ञ मॉनिटरजवळच बसून राहतात, नाडी वाढवायचं इंजेक्शन भरलेलं असते. मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या) कायद्यानुसार इथल्या जागेवर नोंदवलेली आहे, म्हणून बाहेरच्या दवाखान्यात घेऊन येत नाही, कोणी बोलावलं तर राग मानू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमच्या सिस्टरचा फोन येतो, तो मोबाईल चार्ज करून पेशंटच्या उशाशी ठेवा.