सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार? नाही हो!

नाशिकच्या गंगापूर रोडवर मिसळ खाताना काका लोकांचं ठरलेलं गणित असतं: ‘पोरगं सॉफ्टवेअरमध्ये लागलं, सहा लाखांचं पॅकेज, म्हणजे महिना पन्नास हजार.’ माझ्या पहिल्या पगाराला आईनेही हेच विचारलं, ‘बाकीचे कुठे गेले रे?’

पॅकेज म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. हातात येणारा पगार वेगळा. समजा, सहा लाखांपैकी वर्षाचं मूळ वेतन तीन लाख. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी), म्हणजे ३६,००० रुपये, पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे) ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३० रुपये, तेही त्यातच. राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते ती साधारणपणे पाच वर्षं भरल्यावर. आमच्यात दोन वर्षांत कंपनी बदलणारेच जास्त! व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा बदलता भाग, पॅकेजच्या दहा टक्के धरला तर आणखी ६०,००० अधांतरी. ते कामगिरीवर ठरतं, आणि कामगिरी ठरवतो मॅनेजर.

उरले ४,८९,५७०. महिन्याला ४०,७९७. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,०००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साधारण ३७,६००. ग्रुप विम्याचा हप्ताही पॅकेजमध्ये धरला असेल तर अजून कमी.

पीएफ मात्र बुडत नाही, दोन्ही वाटे तुमच्याच नावावर जमा होतात. म्हणून ऑफर लेटर आलं की पहिलं पान सोडा, शेवटचा तक्ता उघडा आणि ‘मासिक’ रकाना वाचा.